लोण्याचा वास

मी बिअर पीत नाही. एकदा घोटभर प्यायले होते, तोंड वाकडं झालं, विषय संपला. तरी आमच्या घरात होणारी बिअर पास की नापास, हे वर्षानुवर्षं मीच ठरवत आले.

बिअर करतो माझा नवरा, गुरुनाथ. वय अडुसष्ट, मूळचा सांगलीचा, शिक्षणाने केमिकल इंजिनियर. नेपरव्हिलहून रोज सकाळी सहाची ट्रेन धरून शिकागोला जायचं, एका कंपनीत दुसऱ्यांच्या पाण्याचे नमुने तपासायचे आणि संध्याकाळी दमून घरी यायचं, यात त्याची एकतीस वर्षं गेली. बोलका तो कधीच नव्हता. आमच्या मुलीने, इशिताने, नोकरी लागल्यावर पहिल्याच ख्रिसमसला त्याला घरी बिअर करायच्या सामानाचा खोका भेट दिला. तिला वाटलं, बाबा एकदा करून बघतील आणि मग खोका गराजमध्ये पडून राहील. बाप तिला कळलाच नव्हता.

खोक्यातल्या काकवीसारख्या पाकाची पहिली बिअर त्याला स्वतःलाच आवडली नाही. मग मोड आणून वाळवलेले जव पोत्याने घरात येऊ लागले. गव्हाची बिअर झाली, काळी स्टाउट झाली, कडूजहर आयपीए झाली. दर वेळी काहीतरी बिनसायचं, आणि काय बिनसलं ते शोधायला तो पुन्हा तीच करायचा. झाकण ठेवून उकळलं म्हणून एकदा उकडलेल्या कोबीचा वास आला. बाटल्या भरताना हवा शिरली म्हणून एकदा ओल्या पुठ्ठ्याचा. सगळं वहीत लिहून ठेवायचा, अगदी परीक्षेला बसल्यासारखं. लोकांना वाटतं काय मजेचा छंद आहे. यात पाऊण काम भांडी घासायचं असतं. बादल्या घासा, नळ्या घासा, पन्नास बाटल्या घासा. मी चाळीस वर्षं भांडी घासली, त्याला कुणी छंद म्हटलं नाही.

मित्रांचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. राजीव आमचा जुना शेजारी. त्याच्या हातात काहीही द्या, "ऑसम यार! आता विकायला काढ!" हे ठरलेलं. पाहुणे म्हणून आलेली आपली माणसं यजमानाच्या तोंडावर वाईट म्हणत नाहीत, आणि फुकटची बिअर तर नाहीच नाही. गुरुनाथ कसनुसं हसायचा आणि ते गेले की म्हणायचा, "एकजण खरं बोलेल तर शपथ."

मग त्याने पिल्सनर मनावर घेतली. फिकट सोनेरी, साधी दिसणारी बिअर, पण करायला महाकठीण, कारण तिच्यात चूक लपत नाही. ती थंडाव्यात हळूहळू आंबते आणि आंबताना तिला लोण्याचा वास येतो. तो जाईपर्यंत तिला दोन-तीन दिवस जरा उबेत ठेवायचं आणि मगच गार करायचं. घाई केली की लोणी कायमचं आत राहिलं. गंमत अशी, की काही माणसांना हा वास जन्मतः कळतच नाही. गुरुनाथ त्यांतला निघाला. मी मात्र बेसमेंटच्या जिन्यात उभी राहून विचारलं होतं, "खाली साय विरजून ठेवलीयस की काय?" दहा वर्षांची असल्यापासून मी लोणी काढतेय. मला नाही कळणार तर कुणाला?

तेव्हापासून पद्धत पडली. तो बिअरचा नमुना गरम पाण्यात ठेवायचा, म्हणजे दडलेला वास वर येतो, आणि ग्लास घेऊन वर यायचा. "सुवर्णा, नाक." एवढंच बोलणं. मी "आहे" म्हटलं की तो दोन दिवस थांबायचा, "गेला" म्हटलं की खालच्या फ्रीजमध्ये गार करायला लावायचा. मग टेबलाशी बसायचा, चहा मागायचा आणि बोलायला लागायचा. सांगलीतलं घर, आई, ट्रेनमध्ये तीस वर्षं शेजारी बसलेला आणि नावही न कळलेला माणूस. इशिता सिअॅटलला गेली, हा रिटायर झाला आणि सकाळ-संध्याकाळ बेसमेंटमध्ये राहायला लागला. आमचा संसार म्हणजे तो ग्लास एवढाच उरला होता. मी त्याची वाट बघायचे, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी मला कोविड झाला. ताप चार दिवसांत गेला, खोकला गेला, वास परत आला नाही. आधी वाटलं येईल. मग एकदा तूप करपून काळं झालं आणि गुरुनाथ खालून ओरडला तेव्हा मला कळलं. "फोन आला होता," असं सांगून वेळ मारून नेली. त्या दिवसापासून मी टायमर लावून स्वयंपाक करते. आणि पुढच्या आठवड्यात तो ग्लास घेऊन वर आला.

मी नाक ग्लासात घातलं. काहीच नाही. कोऱ्या पाण्यासारखं. मी म्हटलं, "गेला."

अशा चार पिल्सनर मी पास केल्या. खोटं बोलायचं म्हणजे पटकन बोलून मोकळं व्हावं लागतं, तशी मी व्हायचे. तेव्हापासून तो चहाला बसायचाही नाही. उत्तर घेऊन तसाच खाली जायचा. मला वाटायचं, गुडघे दुखतात, दमतो, वय झालं. दमले तर मीही होते.

या जानेवारीत तो म्हणाला, "प्रोसेस बसली आता. क्लबच्या कॉम्पिटिशनला पाठवतो." क्लब म्हणजे त्याच्यासारख्याच घरी बिअर करणाऱ्यांचा. तिथले परीक्षक अनोळखी, त्यांना भीड कशाची असणार? अजून सांगता आलं असतं. बाटल्या द्यायला निघाला त्या सकाळी बर्फ पडत होतं. त्याने तिन्ही बाटल्या टॉवेलात गुंडाळल्या, बाळासारख्या उचलल्या. मी दारापर्यंत गेले, तोंड उघडलं आणि म्हणाले, "हळू चालव."

तीन आठवड्यांनी निकाल आला. त्याने कागद छापून टेबलावर ठेवले. पन्नासपैकी एकोणीस, एकवीस, बावीस. त्याने चष्मा काढला.

"तिघांनी बटर लिहिलंय. तिघांनीही. तुला कसा नाही आला?"

आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. रागावला असता तर मी भांडले असते.

"मला वास येत नाही," मी म्हटलं. "कशाचाच. कोविड झाल्यापासून."

"दोन वर्षं?"

"हो."

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू वर कशाला आला असतास?"

त्याने कागद उलटे करून ठेवले. म्हणाला, "मला वाटलं तुला कंटाळा आला. मी ग्लास पुढे करायचा अवकाश, तू 'गेला' म्हणून मोकळी. म्हटलं, कशाला बसा, हिला नकोय."

मला भयंकर राग आला. त्याचा, माझा, त्या आजाराचा. दोन वर्षं आम्ही दोघं एकाच घरात एकमेकांना त्रास नको म्हणून दूर बसलो होतो, आणि आमच्या वयाला दोन वर्षं म्हणजे थोडी नव्हेत. मी रडले. त्याने पाणी आणून दिलं. ग्लास ठेवताना त्याची नजर शेगडीवर गेली आणि तो एकदम ताठ झाला.

"आणि गॅस? सुवर्णा, गॅस सुटला असता तर? मी खाली फ्रीजच्या आवाजात, तू इथे एकटी. इशिताला काय सांगितलं असतं मी?"

इतक्या वर्षांत त्याचा आवाज इतका चढलेला मी ऐकला नव्हता. त्याने कोट चढवला आणि गाडी काढली. तासाभराने गॅसचे तीन अलार्म घेऊन आला. इथला पाइपचा गॅस हलका, वर चढतो, म्हणून उंचावर लावायचे म्हणाला. दुखऱ्या गुडघ्यांनी स्टुलावर चढला. मी स्टूल धरून उभी. बिअरचा विषय त्याने त्या दिवशी पुन्हा काढला नाही.

शेगडीवरचा अलार्म लावून झाल्यावर त्याने बटण दाबलं. कानठळ्या बसवणारा आवाज झाला. तो वरून माझ्याकडे बघत होता.

"हे तरी ऐकू येतंय ना तुला? खरं सांग."

"येतंय."

तो स्टुलावरून उतरला नाही. त्याने पुन्हा बटण दाबलं आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला.