आबांचं ‘नाय’

गळ घेऊन निघालेल्या माणसाला कुठं निघालास म्हणून विचारू नये, अशी आमच्याकडं रीत आहे. परत येताना काही लागलं का म्हणून कुणी विचारलंच, तर तो ‘नाय’ म्हणणार. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, पिशवीतून शेपूट बाहेर लोंबत असतानाही समोरच्याच्या तोंडावर ‘नाय’ म्हणायचे. खाडीनं ‘हो’ ऐकलं तर उद्या ती देणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मला विचाराल तर तो सरळसरळ कद्रूपणा होता.

आमचं गाव महाडाच्या खाली, सावित्रीच्या काठाला. भरतीचं खारं पाणी आमच्या भाताच्या बांधापर्यंत चढतं. पावसाळाभर नदी गढूळ असते. आश्विनात पाणी निवळतं, खारं पाणी वर सरकतं आणि त्याच्यामागून तांबोशी येते. तांब्याच्या रंगाची, दणकट जबड्याची मासळी. खडकाच्या नाहीतर काठच्या तिवराच्या झाडीच्या आडोशाला दबा धरून बसते, गळाची कोळंबी गिळते आणि एका हिसक्यात दोरी तोडून नेते. आबा शेतकरी, कोळी नव्हेत. पण आश्विनातले ते दिवस ते घरात कुणाचेच नसत. जायचे एकटेच. मी दोन पोरांचा बाप झालो, तरी बापाची जागा कुठली ते मला ठाऊक नव्हतं. मागं लागलो की म्हणायचे, “दोघांचा गळ एका जागंला लागत नाय रे.” याचा मला राग होता, आणि तो मी लपवतही नसे.

त्या वर्षी लावणी उरकली आणि श्रावणात आबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली. वरंधकडच्या एका वैद्याचं तेल झालं, पारव्याचं रक्त चोळून झालं. वाचाही गेली, उरला एकच शब्द, आणि देवानं त्यांच्या तोंडात नेमका तोच ठेवला. पाणी देऊ? नाय. कूस बदलू? नाय. मी तर रडकुंडीला आलो. शेवटी आईनंच वाट काढली. घास पुढं केला की ते ‘नाय’ म्हणत आणि तोंड उघडत. “शब्दाकडं बघू नको, तोंडाकडं बघ,” ती मला म्हणाली. “लगीन झाल्यापासून ह्योच कारभार हाय. त्यांचं नाय म्हंजे होच.”

घट बसायच्या आदल्या दिवशी महाडचे डॉक्टर येऊन गेले. ओटीवरून उतरताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “आता त्यांना आवडेल ते खाऊ घाला.” त्यातल्या ‘आता’चा अर्थ मला कळला. आबांना आवडायची ती तांबोशी. आणि दुसऱ्या दिवसापासून नऊ दिवस घरात मासळी शिजायची नव्हती. आबांनी आयुष्यात ते नऊ दिवस कधी मोडले नव्हते, मग मी त्यांच्या नावानं ते मोडणार कसा? तेव्हा ते वाटीभर पेज खात होते. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

त्या नऊ दिवसांत मी त्यांच्याकडून त्यांची गळाची जागा वदवून घ्यायला बसलो. “आबा, खडकाजवळ बसायचात?” नाय. “तिवरांत?” नाय. “गलबतं लागायची त्या जुन्या धक्क्याखाली?” नाय. घासाला तोंड उघडतं, जागेला काय उघडणार? मग मी त्यांचा डावा हात हातात घेतला आणि म्हटलं, हो असेल तर दाबा. त्यांनी तिन्ही वेळा दाबला. माझं डोकंच फिरलं. “जन्मभर नाय नाय केलंत, आता मरतेवेळी तरी सांगा,” असं मी त्यांच्या अंगावर ओरडलो. ते माझ्याकडं बघत राहिले आणि त्यांच्या एका डोळ्यातून पाणी आलं. त्या ओरडण्याची लाज मला अजून वाटते.

दसऱ्याला घट उठले, पण तेव्हा भांगाचं पाणी, भरतीला जोर नाही. तरी रोज गेलो. मुंबईहून नुकताच यायला लागलेला गळाला लावायचा नायलॉनचा तंगूस मी मागवला होता. खडकाजवळ तो तुटला, तिवरांत तुटला. घरी यावं तर आईची तक्रार, पेज त्यांच्या ओठाच्या कडेनं बाहेर येते. मी ऐकायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खाडीवर. घरी बसून तरी काय करणार होतो?

कोजागिरीला उधाण आलं. भर दुपारी जुन्या धक्क्याखाली गळ असा ओढला गेला की तळहात कापला. तंगूस टिकला. हातभर लांब तांबोशी वर आली. वाटेत शेजाऱ्यानं विचारलं, “लागली काय?” आनंदाच्या भरात मी “हो” म्हणून बसलो.

आबांना मासा दाखवला. त्यांनी डावा हात उचलून त्याच्या पाठीवरून फिरवला. “हीच ना तुमची जागा? जुना धक्का?” मी विचारलं. “नाय,” ते म्हणाले. त्यांच्या ओठांची चांगली बाजू हलली, हसले असावेत. त्यातलं काय खरं ते आजही मला सांगता येणार नाही.

आईनं आमसूल घालून कालवण केलं. एकेक काटा काढला, भात बोटांनी मऊ केला आणि घास त्यांच्या ओठांशी नेला.

“नाय,” आबा म्हणाले.

आई हसली आणि सवयीनं थांबली, तोंड उघडायची वाट बघत. मीही वाकून बघत होतो. तोंड उघडलं नाही. “खावा की, तुमच्या पोरानं आणलीय,” ती म्हणाली. त्यांनी मान भिंतीकडं वळवली. आई घास धरून बसूनच राहिली. हा एवढा एक ‘नाय’ खरा होता, हे आम्हा दोघांना तो घास तिच्या बोटांत गार झाल्यावर कळलं.