खुर्ची जाईल एवढी वाट

क्रुशा गाव डोंगराच्या उतारावर आहे. पहिल्या महायुद्धानंतर कुणी तरी दूरच्या शहरात बसून नकाशावर रेघ ओढली आणि गावाचे दोन तुकडे झाले. खालची घरं, ओढा आणि बटाट्याची शेतं बल्गेरियात राहिली. वरची घरं, चर्च आणि दफनभूमी सर्बियात गेली. रेघ ओढणाऱ्याने गाव पाहिलं नव्हतं, हे सांगायची गरज नाही. अशी कामं करणारे गाव पाहत नाहीत.

सुरुवातीला लोकांनी त्या रेघेला फारशी किंमत दिली नाही. खालच्यांची लग्नं आणि मयतं वरच होत राहिली. शिपायाला राकिया या गावठी दारूची बाटली दिली की तो ओढ्याकडे बघत बसे. पुढे दोन्हीकडच्या पुढाऱ्यांचं बिनसलं आणि रेघेवर काटेरी तार आली. खालच्या घरातल्या पेत्काना नावाच्या तरुण बाईने त्याच हिवाळ्यात आपलं पहिलं मूल वर नेऊन पुरलं होतं. मुलगा जगावा म्हणून त्याचं नाव झिव्को, म्हणजे ‘जिवंत’, ठेवलं होतं. नावाने कोण जगतं? लाकडी क्रूस वसंतात करू, तोवर खूण असू दे म्हणून नवऱ्याने ओढ्यातला एक दगड उशाला लावला. वसंत आला तेव्हा वर जायची वाट बंद झालेली होती.

रुमेना ही पेत्कानाची नंतरची मुलगी. ती लहानपणापासून एकच गोष्ट बघत आली. गेलेल्यांना घास द्यायच्या दिवशी, मृतांच्या शनिवारी, आई साखर घातलेले उकडलेले गहू आणि वाइनची बाटली घेऊन तारेपाशी जाई. पलीकडून वरच्या आळीतली यागोदा येई. शिपाई दुसरीकडे तोंड करे, बाटली तारेखालून सरके, आणि यागोदा ती झिव्कोच्या दगडावर ओतून येई. आई तिथेच उभी राहून वर बघत बसे. यागोदाचा मुलगा मिलोराद तिचं बोट धरून सोबत असे, म्हणून तो दगड त्यालाही ठाऊक झाला.

यागोदा गेली, राजवटी गेल्या, आणि एक दिवस पासपोर्ट घेऊन कुणालाही पलीकडे जाता येऊ लागलं. पण गावातून नाही. दूरच्या नाक्यावरून, डोंगर फिरून. रुमेना आईला न्यायला तयार होती. म्हातारी अडून बसली. "माझ्या पोराकडे मी पाहुणी म्हणून जायचं? शिक्के मारून घेत? ज्या वाटेने त्याला नेलं त्याच वाटेने जाईन, नाही तर नाही," असं तिने ठणकावून सांगितलं. नंतर तिचं खुब्याचं हाड मोडलं. मग मनात असतं तरी त्या वळणावळणांच्या रस्त्यावर तिला बसवून नेणं शक्य राहिलं नाही.

रुमेना तालुक्याच्या पालिकेत कारकून होती. युरोपच्या पैशांतून सीमेलगतच्या मागास भागांसाठी योजना येऊ लागल्या तेव्हा ते टेबल तिच्या गळ्यात पडलं, कारण दुसऱ्या कुणाला ते नको होतं. त्या योजनांची अट एकच: पलीकडच्या देशातला भागीदार आणा. त्यासाठी मोठ्या हॉटेलांत मेळावे भरत. गळ्यात नावाची पट्टी अडकवून महापौर नि सरपंच एकमेकांना न्याहाळत फिरत, उपवर मुलांचे बाप फिरतात तसे. तुमच्याकडे काय आहे? आमच्याकडे गरम पाण्याचा झरा आहे. आमच्याकडे नाही, पण हॉटेल आहे. जमलं. रुमेनाकडे झरा नव्हता आणि हॉटेलही नव्हतं. ती लोकांना दफनभूमीबद्दल सांगे आणि लोक कॉफी आणायला निघून जात.

अशाच एका मेळाव्यात तिला मिलोराद भेटला. तो आता निवृत्त मास्तर होता, वरच्या गावात उरलेल्या चार म्हाताऱ्यांची संस्था चालवत होता. तिचं गाव ऐकून त्याने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. दोघांनी मिळून अर्ज केला: जुन्या चर्चची डागडुजी, दफनभूमीची साफसफाई, आणि सणाच्या दिवशी तारेतून थेट वाट. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. एकदा शिक्का चुकला, एकदा मंत्रालय बदललं, एकदा नुसतंच नाही म्हणाले. "आपण लग्न केलं असतं तरी एवढे साक्षीदार लागले नसते," मिलोराद म्हणायचा. रुमेनाची नवऱ्याशी याच दगदगीवरून भांडणं झाली आणि तो मुलीकडे इटलीला जाऊन राहिला तो राहिलाच. ती थांबली नाही. तिला आईला वर न्यायचं होतं, आणि आई दरवर्षी अंथरुणावर थोडी लहान होत चालली होती.

अर्ज मंजूर झाला त्या वर्षी रुमेना डोंगर फिरून वर गेली. मिलोरादने गवत बाजूला करून तिला दगड दाखवला. भिंतीच्या कोपऱ्यातला, भाकरीएवढा, अक्षर नसलेला. तिथे असे अनेक होते. "एखादी खूण करून ठेवू या," तो म्हणाला. ती म्हणाली नको, आईच येऊन करील. तिला तेव्हा ते फार सुंदर वाटलं होतं. नको तेव्हा माणसाला सुंदर काही तरी सुचतं.

मग नकाशा आला. चर्चच्या दारापासून पायऱ्यापायऱ्यांची वाट होती. रुमेनाने तो परत पाठवला. पायऱ्या नकोत, चाकाची खुर्ची जाईल एवढी रुंद वाट हवी, हे तिने पहिल्यांदाच आणि शेवटचंच टेबलावर हात आपटून सांगितलं. वरिष्ठांना आश्चर्य वाटलं. ब्रसेल्सच्या लोकांना आनंद झाला, अपंगांची सोय म्हणून त्यांनी कौतुकाचं पत्रही पाठवलं. इंजिनियरने उतार सौम्य करायला वाट फिरवून भिंतीच्या कडेने नेली. नवा नकाशा रुमेनाच्या टेबलावर आला. तिने रुंदी पाहिली, उतार पाहिला आणि समाधानाने सही केली. कागदावर तिथे काहीच नव्हतं. नाव नसलेले दगड कोण काढतो नकाशात?

काम सुरू झालं तेव्हा मिलोराद हृदयाच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात होता. मुदत संपत आली होती, ठेकेदार घाईत होता. शरद ऋतूत मिलोराद घरी आला. त्यानंतर फोनवर तो फार थोडं बोलू लागला. छान झालंय, एवढंच म्हणायचा. रुमेनाने ते दुखण्यावर घातलं.

मृतांच्या शनिवारी तार उघडली. बॅंड होता, फीत होती, दोन्हीकडचे साहेब होते. एकाने मैत्रीच्या पुलांवर भाषण केलं, जिथे कधीच पूल नव्हता आणि लागतही नव्हता. रुमेना ते ऐकत नव्हती. आईला काळा रुमाल बांधून, मांडीवर गव्हाचं भांडं आणि वाइनची बाटली देऊन ती खुर्ची ढकलत वर निघाली होती. म्हातारी दोन्ही बाजूंना बघत होती. कुणाचं घर पडलं, कुणाच्या अंगणात झाड उगवलं, सगळं मोठ्याने सांगत होती. सीमा ओलांडली ते तिच्या लक्षातही आलं नाही.

दफनभूमीच्या फाटकात मिलोराद टोपी हातात घेऊन उभा होता. पेत्कानाने त्याला ओळखलं. "यागोदाचा ना तू? आईवर गेलायस," ती म्हणाली. त्याने वाकून तिच्या हाताचं चुंबन घेतलं. रुमेनाने त्याच्याकडे पाहिलं. आजारी माणसाचा चेहरा नव्हता तो.

"मिलोराद, काय झालंय?"

"मी नव्हतो गं इथे," तो हळू म्हणाला. "आलो तेव्हा सिमेंट वाळलं होतं. तुला सांगायला रोज फोन उचलायचो."

तिला सगळं कळलं. हात खुर्चीच्या दांड्यावर होते आणि खुर्ची चालत राहिली, कारण वाट खरोखर फार गुळगुळीत होती.

"लोण्यासारखी केलीय गं वाट," आई म्हणाली. "कुणी केली?"

रुमेनाने खुर्चीचा वेग कमी केला. कुठे तरी, गवतातल्या कुठल्याही दगडापाशी थांबावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण म्हातारीने जन्मभर खालून हीच जागा पाहिली होती. ती मान वळवून चर्चचं दार बघत होती, मग खाली आपल्या घराचं धुराडं. भिंत वळते तिथे तिने हात वर केला.

"थांबव. इथेच." ती भिंतीकडे बघू लागली, मग गवताकडे. "दगड कुठाय?"

रुमेना समोर येऊन गुडघ्यांवर बसली. "आई, मीच सांगितलं होतं वाट रुंद करा म्हणून. तुझी खुर्ची यावी म्हणून. तो खाली आहे. वाटेखाली."

पेत्काना चाकांखाली बघू लागली. खाली बॅंडवाले नवं गाणं वाजवू लागले. रुमेनाला वाटलं आई शिव्या देईल, आणि तिने द्याव्यात असंच तिला वाटत होतं.

"मला उतरव," आई म्हणाली.

"आई, सिमेंट गार आहे, तुझा खुबा..."

"मी त्याच्यावर चाकं घालून बसलेय. उतरव म्हणते ना."

रुमेना आणि मिलोरादने तिला दोन्ही काखांत धरून खाली बसवलं आणि खुर्ची गवतात ढकलली. म्हातारीने बोटांनी सिमेंट चाचपलं, कडेपर्यंत आणि परत. गव्हाचं भांडं बाजूला ठेवलं. मग बाटलीचं बूच दातांनी काढून तिने वाइन ओतली, यागोदा ओतायची तशी, हळूहळू. मातीने लगेच प्यायली असती. इथे ती क्षणभर साचली आणि उतारावरून फाटकाकडे निघाली. पेत्कानाने दोन्ही तळव्यांचा बांध घातला. वाइन तिच्या बोटांच्या बाजूने वळून खाली जात राहिली, कारण पाणी कुठेही साचू नये असाच उतार दिला होता, आणि रुमेनाने तो तपासून घेतला होता.