भिंतीवरची दाद

रशीदभाईंना एखादा विनोद आवडला की ते भिंत वाजवायचे. दोनदा, बोटांच्या पेरांनी. भिंत आमची सामाईक. अलीकडे मी, पलीकडे ते, आणि दोन्हीकडे माणूस एकेकच. रविवारी दुपारी एका आडबाजूच्या वाहिनीवर एक विनोदी मालिका लागायची. ज्या गावात कधी टपालच येत नाही तिथलं पोस्ट, आणि पोस्ट बंद पडू नये म्हणून स्वतःच स्वतःला पत्रं टाकणारा पोस्टमास्तर. मागून हशा नाही, ढॅणढॅण संगीत नाही. अख्ख्या जळगावात ती पाहणारी मी एकटीच, अशी माझी समजूत होती. एका रविवारी पोस्टमास्तर स्वतःच्याच पत्रावर रागावून उलट टपाली उत्तर लिहायला बसला. मला फस्सकन हसू आलं, आणि भिंतीतून टक टक झालं.

संध्याकाळी ते ओट्यावर भेटले तेव्हा मी विचारलं की भिंत का वाजवली. रशीदभाई मूळ धुळ्याचे, त्यामुळे बोलणं अहिराणी. म्हणाले, "एकला हासना तं येडा, दोन हासनात तं पिच्चर."

त्यांचं गादी-रजईचं दुकान होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी शबाना धुळ्यात दिलेली. मी कॉलेजच्या लायब्ररीत कामाला, लग्न केलं नाही. एकट्या बाईच्या घरात येऊन टीव्ही पाहणं त्यांना पटत नसे, आणि गल्लीलाही पटलं नसतं. म्हणून आम्ही शेजारी बसून कधी काही पाहिलं नाही. भिंतच काय ती मध्ये बसायची.

मालिका लवकरच बंद पडली. चांगल्या मालिकेचं आयुष्य आपल्याकडे तेवढंच. सासू-सुनांच्या मात्र पिढ्या सरतात तरी संपत नाहीत. मग रशीदभाई मोबाइलवर लघुपट हुडकू लागले. कुणीतरी पोरांनी चार पैशांत केलेले, पाहणारे बोटांवर मोजण्याइतके. ते मला पाठवायचे आणि रविवारी एकदा भिंत वाजवायचे. एकदा म्हणजे 'चालू कर', दोनदा म्हणजे 'वा'. एका लघुपटात दोन बायका निळं लुगडं धरून हलवत होत्या, तोच समुद्र, आणि त्यात एक म्हातारा खरोखर बुडत होता. त्या समुद्राचं कौतुक ते महिनाभर करत होते. म्हणायचे, "पैसा ऱ्हाता तं समुद्र ऱ्हाता. पैसा नही म्हनीसन लुगडं शे, आनि लुगडंच चांगलं शे."

शेवटी त्यांनी स्वतःच एक केला. बर्फाळ सरहद्दीवर एक शिपाई पहाऱ्याला उभा आहे आणि बदलीचा माणूस येईल म्हणून वाट पाहतो आहे. दुकानातला पिंजलेला कापूस हाच बर्फ, उभा पंखा लावून वादळ, आणि पिंजायच्या मशीनची घरघर म्हणजे वारा. शिपाई ते स्वतः. मोबाइल माझ्या हातात. शिपाई एकटेपणी बंदुकीशी बोलतो, बर्फाचा चहा करतो, शत्रूला हाका मारून पाहतो, तर शत्रूही नाही. शेवटी बदलीचा माणूस येतो, आणि तोही रशीदभाईच. दोघं एकमेकांना सलाम करतात, पहिला निघून जातो, दुसरा वाट पाहायला लागतो. हसता हसता माझा हात हलला, ते त्यात दिसतंही. त्या वेळी मला वाटलं की असं काही आपल्याकडे फार थोड्यांना सुचलं असेल. आजही तसंच वाटतं.

तो लोकांना दाखवायची त्यांना फार ओढ होती. जळगावजवळचं असोदा माझं गाव. भावाला सांगून ग्रामपंचायतीसमोर चादर बांधली, संध्याकाळी गाव जमलं. रशीदभाई इस्त्रीचा शर्ट घालून मागे उभे राहिले. पडद्यावर वादळ सुरू झालं आणि पहिल्या रांगेतले एक आबा कळवळून म्हणाले, "अरे, पंखा बंद करा कोनी. बठ्ठा कापूस उडून राह्यला."

झालं. कापूस पिकवणारं गाव ते. सगळा कापूस वाया गेला म्हणून बायका हळहळल्या, कुणी धागा लांब आहे म्हणालं, कुणी यंदाच्या भावावर घसरलं. बदलीचा माणूस आला ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या आणि कापूस नंतर गोळा केला ना, एवढी चौकशी केली. परतीच्या बसमध्ये रशीदभाई आधी पोट धरून हसले. नशीबच म्हणायचं, एवढा हुबेहूब बर्फ केला की तो कापूस ठरला. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "बठ्ठा गावनी कापूस देखा, ताई. मानूस कोनीच नही देखा."

त्या रविवारी भिंत गप्प राहिली. मला ते सहन झालं नाही. मी त्यांचाच लघुपट लावला, आवाज मोठा केला, आणि शेवटच्या सलामाला भिंत वाजवली. दोनदा. खूप वेळानं पलीकडून उत्तर आलं.

पुढे त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं गेलं. शबाना त्यांना धुळ्याला घेऊन गेली आणि थोड्याच महिन्यांत ते तिथेच वारले. नंतर मी शबानाला भेटायला गेले तेव्हा तिनं त्यांची खाट दाखवली, भिंतीला लागून. म्हणाली, "ताई, अब्बा दुपारचे मध्येच भिंत वाजवायचे. एकदाच वाजवायचे आणि थांबायचे. मला वाटायचं तहान लागली. मी दर वेळी पाणी घेऊन जायची. ते पिऊन घ्यायचे."

मला रडू आवरलं नाही. जळगावात मी दर रविवारी त्या गप्प भिंतीशी बसून जेवले होते, आणि इथं हा माणूस 'चालू कर' म्हणत पाणी पीत होता. मी तिला सगळं सांगितलं. अब्बांनी लघुपट केल्याचं तिला ऐकून माहीत होतं, पण त्यांनी दाखवायचं म्हटलं की ती म्हणायची, अब्बा, या वयात काय हे. मी मोबाइल काढला. आम्ही दोघी त्या खाटेवर बसलो. वादळ आलं तशी ती पुढे वाकली. बदलीच्या माणसानं टोपी सारखी केली आणि ती खळखळून हसली. मग पदर तोंडाला लावला.

मी मागे हात नेऊन भिंत वाजवली, दोनदा. पलीकडे कोण राहतं, मला माहीत नव्हतं.