चाकाखालचा दगड

कुळगावच्या आमच्या घराला भिंती नव्हत्या, कूड होता. कारवीच्या काड्यांवर शेणामातीचा लेप, आणि थंडीत त्याच्या फटींतून वारा थेट अंथरुणात. वडील लवकर गेले. आई दुसऱ्यांच्या शेतात भात कापी. आमची ऊब म्हणजे खोलीत जळणारी कोळशाची शेगडी. दादाने शाळा सोडून लॉरी धरली, आणि त्याच्या त्या लॉरीवर मी बी. ए. झालो. आमच्या घरातला पहिला. हे मी मान वर करून सांगायचो.

उल्हासनगरच्या कॅम्पात नाशिकची भाजी आणायचं दादाचं काम. लॉरीच्या दारांना काचा नव्हत्या. मागितल्या की मालक म्हणे, "काच लावली की ड्रायव्हर झोपतो." क्लीनरही देत नसे. दादा आपल्या परीने जागा राही. कसाऱ्याला उतरून तोंडावर गार पाणी, दाढेखाली लवंग, घाटात दोनदा थांबून टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, टायर ठोकत लॉरीभोवती फेरी. मला म्हणायचा, "बी. ए. साहेब, गारठा माणसाला हलवत राहतो. ऊब आली की डोळा लागलाच समज."

यंदा पौषात त्याला ताप भरला, खोकला थांबेना. सुट्टी मागितली, तर मालक म्हणाला, "तुझा ताप उतरेपर्यंत भाजी थांबणार आहे का?" आईने सीटशेजारी शेगडी ठेवली. मी दोन्ही दारांवर ताडपत्री ओढली, पलीकडची सुतळीने करकचून बांधली, त्याच्या बाजूची आतून ओढून घेण्यासारखी ठेवली. दादा हसला, "ही बी. ए.ची गाठ. सुटायची नाही!"

दुसऱ्या दिवशी दुपारी लछमन दारात उभा होता. त्याच मालकाचा ड्रायव्हर, दादाचा जोडीदार. तो सांगू लागला: इगतपुरीच्या अलीकडे लॉरी रस्त्याच्या कडेला नीट उभी होती. दादा सीटवर होता. ताडपत्री ओढलेली, शेगडीत राख.

मालकाने बाजारभर सांगितलं, "पिऊन झोपला असेल." ज्याने उभ्या जन्मात थेंब घेतला नाही, त्याच्याबद्दल! आणि लोक माना डोलवत होते. लछमन भर बाजारात ओरडला, "अरे साईं, पिया हुआ आदमी चक्के के नीचे पत्थर लगाता है क्या?" डोकं गरगरायला लागलं तेव्हा दादाने लॉरी बाजूला घेतली, ब्रेक ओढला, चाकाला दगड लावला, आणि तापाचीच भोवळ समजून पुन्हा त्या उबेत जाऊन बसला.

मालकावर माझा राग आहे, आणि तो जाणार नाही. पण माझं काय? कोंडलेल्या जागेत कोळसा जाळला की विषारी वायू साठतो, हे मी मॅट्रिकच्या परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. घरात त्या कुडाच्या फटींनीच आम्हाला जगवलं होतं. लॉरीतल्या फटी मी बुजवल्या. शिकलेल्या भावाने.

तेराव्यानंतर मी मालकाला अर्ज लिहिला: लॉऱ्यांच्या दारांना काचा लावा, आजारी ड्रायव्हरला घाटात पाठवू नका. मालकाने तो न वाचता भाजीच्या पाटीत टाकला. मग लछमन आणि दुसऱ्या ड्रायव्हरने किल्ल्या त्याच्यापुढे ठेवल्या. "काच नहीं, तो गाडी नहीं." चार दिवस लॉऱ्या हलल्या नाहीत.

लछमनने आणलेला तो दगड आमच्या ओटीवर आहे. आई रोज त्याच्याभोवती सारवते, पण त्याला हलवत नाही. शेगडी तिने पुन्हा पेटवलेली नाही.

मालकाच्या तिन्ही लॉऱ्यांच्या दारांना आता काचा आहेत. आजारी ड्रायव्हरला घाटात पाठवत नाहीत.