घोड्याचं पान

कुंभकोणमच्या तळ्याजवळ जुन्या पुस्तकांच्या दुकानात तो मला एकदाच भेटला. साठीचा, दारासुरम्‌चा रेशीम विणकर. कॉमिकचं पान तो कडेला, दोन बोटांनी हलकेच धरून उलटत होता. रेशमाला विणकर असाच हात लावतात. मला फोनवर मराठी बोलताना ऐकून तो आपल्या तंजावरी मराठीत स्वतःहून सांगू लागला.

लहानपणी साप्ताहिकात चित्रकथा यायची. लोक ती पानं कापून, शिवून घरीच पुस्तक करत. त्याच्या पुस्तकाला शेवटचं पान नव्हतं. तो अंक वडिलांनी शेजाऱ्याला दिला होता. नायकाचा घोडा दरीत पडलेला, आणि धाकटी बहीण रडायची थांबेना. म्हणून त्याने स्वतः पान चितारलं, त्यात घोडा परत आणला आणि ते पुस्तकात शिवून टाकलं.

"बहीण अजून म्हणत्ये, अण्णा, हें तूंच चितारलेंस. छापलेलें दाखव."

तेवढ्यात दुकानदाराने आतून एक गठ्ठा आणला. "घ्या, पेरियवर," तो त्या वडीलधाऱ्या विणकराला तमिळमध्ये म्हणाला. " सगळी पानं आहेत. आता तरी माझा पिच्छा सोडा!"

गठ्ठ्यातलं त्याच चित्रकथेचं पुस्तक काढून त्याने थेट शेवटचं पान उघडलं. नायक एकटाच, पायी घरी निघाला होता.

"आता बहिणीला काय सांगणार?" मी विचारलं.

"घोडा मेला नाहीं," तो शांतपणे म्हणाला. "छापणारास ठाऊक नव्हतें."

पुस्तक मिटून त्याने ते गठ्ठ्यात सर्वांत खाली सरकवलं आणि दुकानदाराला तमिळमध्ये बजावलं, "माझी बहीण विचारायला आली, तर मिळालं नाही म्हणा."