हौसा धवलारणीची अंधारातली लग्नं

हौसा धवलारीण रात्री मेलेल्या माणसांची लग्नं लावते, असं कल्याणजवळच्या कोन गावात कानोकानी सांगितलं जात होतं. साल दोन हजार सहा, दिवस थंडीचे. बातमी निघाली हौसाच्या थोरल्या जावेच्या, गोदूच्या परसातून, आणि दुपारच्या जेवणाला ती दापोड्याच्या गोदामांतल्या हमालांच्या डब्यापर्यंत पोचली. गोदू बिचारीनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. फक्त नळावरच्या बायकांना, मासळीवालीला आणि रिक्षावाल्या भाऊला. तेही प्रत्येकाला गळ्याची शपथ घालून.

आता धवलारीण म्हणजे काय, हे आगऱ्यांच्या बाहेर सांगावं लागतं. आमच्याकडे लग्नात भटजी उशिरा आला तरी चालतो, धवलारणीवाचून हळद लागत नाही. ती धवले म्हणजे लग्नाची गाणी गाते, देवांना मांडवात बोलावते आणि देवांच्या मागोमाग त्या घरातल्या मेलेल्यांनाही, एकेकाचं नाव घेऊन. नाव राहिलं की तो म्हातारा रुसला आणि पोरीच्या संसाराला दृष्ट लागली, असं मानतात. हौसाला सगळ्या गावाचे मेलेले तोंडपाठ. चांगले मिशीवाले बाप्ये आपल्या पणज्याचं नाव विचारायला तिच्या दारात यायचे आणि ती म्हणायची, "जमिनीचे पैसे घेतलेस तवा तर बरोबर आठवला व्हता रं पणजा!"

अशी ही बाई दिवाळीनंतर बसली ती उठेचना.

कारण विचाराल तर नव्हतं. गावाला कारण लागतं, म्हणून गावानं आपापली शोधली. कुणी म्हणे शेत गोदामाला गेलं त्याचा धसका, कुणी म्हणे सून नीट नाही. शेत जाऊन घरावर स्लॅब चढला होता, मुलगा मितेश ट्रान्सपोर्टमध्ये चिकटला होता आणि करिष्मासारखी सून शेजारणींच्या पोटात दुखावं इतकी गुणाची होती. तरी हौसाला सुक्या बोंबलाची चटणी मातीसारखी लागे. वेणी घालायला हात वर होईना. भिंतीकडे बघत ती एकदा करिष्माला म्हणाली, "माझ्यातली बाय उठून गेली गो. मी निस्ती बसलंय तिच्या जागंवर."

त्यातच केसरीनाथचा, म्हणजे हौसाच्या नवऱ्याचा, चुलतभाऊ लडकू नारळ-सुपारी घेऊन आला. त्याच्या मृणालीचं लग्न माघात ठरलं होतं. "वैनी, माझी एकच पोर. हळदीला तूच पायजे." हौसानं सुपारी मुठीत घट्ट धरली. त्या दिवशी ती दिवाळीनंतर पहिल्यांदा पोटभर जेवली. मृणालीच्या हळदीला उभी राहिले तर मी जगले, नाहीतर संपले, असं तिनं मनाशी धरलं. कुणाला बोलली नाही. करिष्मानं डॉक्टरचं नाव काढलं, तेव्हा या सुपारीपायीच ती निमूट निघाली.

कल्याणच्या डॉक्टरनं नीट समजावलं होतं. मन खचण्याचाही आजार असतो. गोळी रोज एक, सकाळी न्याहारीनंतर. गुण यायला काही आठवडे जातात. झोप उडाली तर थांबू नका, लगेच या. करिष्मानं सगळं ऐकलं, पण ती पोटुशी होती आणि त्याच आठवड्यात तिला बाळंतपणाला माहेरी, खारबावला जायचं होतं. जाताना तिनं गोळ्यांची पाकिटं सासऱ्याच्या हातात दिली. "बाबा, रोज एक. सकाळी. इसरू नका."

केसरीनाथ विसरला नाही. माणूस इमानी. पण डोक्यात चढणारी कुठलीही वस्तू दिवेलागणीनंतरच घ्यायची, हा त्याचा उभ्या जन्माचा कायदा. तो स्वतः अंधार पडल्याशिवाय ग्लासाला शिवत नसे आणि दिवसा पिणाऱ्यांना माणसात धरत नसे. डोक्याची गोळी सकाळी दिली तर बायको दिवसभर झिंगत बसेल, गाव हसेल. 'सकाळी' हे डॉक्टरच्या तोंडून चुकून गेलं असणार, असं त्यानं ठरवलं. रोज रात्री जेवण झालं की आधी आपला ग्लास भरायचा, मग हौसाच्या तळहातावर गोळी ठेवायची. "घे. आता ढाराढूर झोपशील बघ."

तो ढाराढूर झोपे. हौसा जागी.

आधी तिला वाटलं, आज चहा जास्त झाला. मग वाटलं, थंडी आहे. मग वाटायचं थांबलं. डोळे मिटले की आत कुणीतरी दिवा लावून ठेवल्यासारखं व्हायचं. पाय स्वस्थ राहीनात. हमरस्त्यावरून ट्रक जायचे आणि प्रत्येक ट्रकबरोबर तिला वाटायचं, हा गेला की लागेल झोप. दिवसा डोकं दगडासारखं, रात्री कापसासारखं. आणि एका रात्री तिच्या ध्यानात आलं, की लडकूच्या आज्याच्या भावाचं नाव तिला आठवत नाही.

ती उठून मागच्या पडवीत गेली, भिंतीला पाठ लावून बसली आणि हलक्या आवाजात मृणालीची हळद पहिल्यापासून म्हणायला लागली. देव बोलावले. मग लडकूच्या घरातले मेलेले. दामू आला, चिंधू आला, सीताबाई आली. पुढचं नाव येईना. ती परत पहिल्यापासून. रोज रात्री हेच. जागरणानं नावं आणखी गळत गेली, तसा तिचा आवाज चढत गेला.

पडवीला लागून गोदूचं परस. गोदू रात्री बाहेर आली आणि तिच्या कानावर पडली अंधारात लग्नाची गाणी, अन् मेलेल्यांची नावं. सीताबाई म्हणजे लडकूची काकी, गोदूची आणि हौसाची सासू. त्या बाईनं गोदूला जिवंतपणी इतकं छळलेलं, की तिला पुन्हा कुणी बोलावतंय म्हटल्यावर गोदूची दातखीळ बसली. सकाळी सुटली, आणि मग जी सुटली ती नळापर्यंत.

केसरीनाथच्या कानावर गेलं तेव्हा तो उखडला. "काय गो ही तुझी रातची थेरं?"

"मना झोपच न्हाय येत."

"एका गोळीनं येत न्हाय?" केसरीनाथनं आपल्या अनुभवानं विचार केला. माल कमी पडतोय. त्या रात्रीपासून त्यानं दोन द्यायला सुरुवात केली. पुढच्या रात्री हौसा पडवीत बसलीच नाही. उजाडेपर्यंत नुसती येरझारा घालत राहिली आणि गोदूनं आपली खिडकी लावून वर खिळा ठोकला.

लडकू आला तो संध्याकाळी. चपला काढल्या, पण बसला नाही.

"दादा, वैनीची तब्येत बरी न्हाय, उगा तरास कशाला द्यायचा? दुसरी बाय सांगितली हाय."

"मना कुणी इचारलं तरास व्हतोय का?" हौसा म्हणाली.

लडकूनं तिच्याकडे पाहिलं नाही. "पोरीचं लगीन हाय वैनी. सासरच्यांच्या कानावर गेलंय. ती सुपारी तेवढी..."

हौसानं कमरेची पिशवी सोडून सुपारी काढली आणि त्याच्या हातावर न देता उंबऱ्यावर ठेवली. लडकू वाकला, उचलली आणि गेला. केसरीनाथनं ग्लास भरला. हौसा म्हणाली, "आता गोळी नको देऊ. उठायचं कशाला?" त्यानं बळंच दिली.

हळदीच्या दिवशी लाउडस्पीकर तिच्या दाराकडेच तोंड करून होता. दुसऱ्या बाईचा आवाज बरा होता. हौसा भिंतीशी बसून ऐकत होती. लडकूच्या आज्याच्या भावाचं नाव त्या बाईनं घेतलं, विठू. हौसाचे ओठ हलले नाहीत.

करिष्मा बाळाला घेऊन परतली तेव्हा सासूचे डोळे बघून दारातच थांबली. "बाबा, गोळी कधी देता?"

"रातच्याला. दोन."

तिनं बाळ खाली ठेवलं आणि आधी गोळ्यांची पाकिटं आपल्या ताब्यात घेतली. दुसऱ्याच दिवशी हौसाला डॉक्टरकडे नेलं. गोळी पुन्हा एक झाली, सकाळची झाली. हळूहळू झोप आली, काही दिवसांनी चवही आली, आणि चव आल्यावर हौसाला कळलं की आपल्याला आता कुणी बोलावणार नाही. तसंच झालं. मागून गावात कितीतरी हळदी लागल्या. गोदू अजून परसात आली की हौसाच्या पडवीकडे पाठ करून उभी राहते.

हौसा मेलेल्यांची लग्नं लावत नव्हती. सकाळी घ्यायची गोळी तिला रात्री दिली जात होती, त्यानं तिची झोप गेली होती, आणि ती मृणालीच्या हळदीची नावं पाठ करत होती.