ओटीतली द्राक्षं

मंचेरियलच्या स्टेशनावर माझी गाडी यायच्या आधी कोळशाची मालगाडी आली आणि ती संपता संपेना. बाबा काहीतरी सांगत होते. मला फक्त त्यांचे ओठ हलताना दिसत होते. शेवटचा डबा गेल्यावर त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, शाळेत शुद्धलेखन घालायचे तसं, एकेक शब्द सुटा करून. "कुठंई राह्य, काईबी कर. पन दुसऱ्याच्या वावरात राबू नको. आपल्या घरचं थे संपलं आता."

आमच्याकडच्या माणसांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको. इतरांसाठी सांगते. माझी आजी, म्हणजे बाबांची आई, इंद्रवेल्लीजवळच्या आमच्या गावात जन्मभर पाटलाच्या वावरात कापूस वेचत होती. दुपारी बाकीच्या बाया पळसाखाली गोल करून जेवायच्या. आजीने आपली भाकर घेऊन लांब बांधावर बसायचं आणि पाणी वरून ओंजळीत घ्यायचं. बाबा लहानपणी तिच्या शेजारी बसलेले आहेत. तिथून उठून ते शिकले, मराठी शाळेत मास्तर झाले, आणि घर बांधलं तेव्हा पुढच्या भिंतीवर पंचशील लिहून घेतलं. मी त्यांची एकुलती मुलगी. हैदराबादला शेतीचं शिकले आणि मातीच्या अभ्यासासाठी फ्रान्सला निघाले. माती तपासायची, पण प्रयोगशाळेत, पांढरा कोट घालून. बाबांचं सगळं समाधान त्या पांढऱ्या कोटात होतं.

आईने लोणच्याची बरणी एका जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून दिली होती. ते फडकं म्हणजे आजीची ओटी, कापूस वेचताना बाया कमरेला बांधतात ती झोळी. आईने घाईत हाताला लागलं ते घेतलं. बाबांनी पाहिलं असतं तर काढूनच घेतलं असतं.

शिक्षण झालं, पदवी मिळाली, पांढरा कोट काही मिळेना. अर्ज करून कंटाळले तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, चल, वांदांजला, म्हणजे द्राक्षतोडणीला जाऊ, एका गावात आठवडाभराचं काम आहे. डोंगरउतारावरचं ते गाव पाहिलं आणि मी खुळ्यासारखी उभीच राहिले. पिवळ्या दगडाची घरं, त्यातली निम्मी बंद, एक चर्च, आणि चहूबाजूंनी द्राक्षं. आपल्याकडे द्राक्ष म्हणजे मांडव. इथे मांडव नाही, तार नाही. कमरेइतकी झुडपं, ओळीने लावलेली. कुणीही आमच्याकडचं माणूस शपथेवर सांगेल की ही कापसाची पऱ्हाटी आहे.

मग माझ्या हातांनी मला न विचारता काम सुरू केलं. सुट्टीत बाबांची नजर चुकवून मी आजीबरोबर दोन-चारदा वावरात गेले होते, तेवढंच. पण मी बादली बाजूला ठेवली, पाव गुंडाळून आणलेली आजीची ओटी सोडून कमरेला बांधली आणि तोडायला लागले. घड काळाभोर असेल तो घेतला. एखाद-दोन मणी कच्चे दिसले की तो घड झाडावर राहू दिला. कापूस असाच वेचतात ना. फुटलेलं बोंड आज, बाकीचं पंधरा दिवसांनी, दुसऱ्या वेच्याला.

मळ्याची मालकीण मागून ओळ तपासत आली. सत्तरी ओलांडलेली, बुटकी, पुरुषी बूट घातलेली. तिचं नाव जानीन. मी मनात तिला जानीनबाईच म्हणते. निम्मी ओळ झाडावर तशीच पाहून तिने विचारलं, हे कुणासाठी ठेवलंस? मी मोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं, दुसऱ्या वेच्यासाठी. ती पोट धरून हसली. द्राक्ष एकदाच तोडतात बाई, आज राहिलं ते पाखरांचं! तेवढ्यात तिचं लक्ष ओटीकडे गेलं. आतली द्राक्षं चेंगरून रस माझ्या पॅंटवरून बुटात उतरला होता. सगळी ओळ हसत सुटली.

मला हसण्याचं वाईट वाटलं नाही. वाटलं ते वेगळंच. बाबांनी आयुष्य घातलं ते हे हात या कामातून सोडवायला, आणि हात तर सगळं लक्षात ठेवून बसले होते. दुपारी जेवणाची घंटा झाली, तशी मी आपला पाव घेऊन लांब कुंपणाच्या दगडावर जाऊन बसले. मला कुणी जा म्हटलं नव्हतं. आजी बसायची तशी मी बसले आहे, हे घास तोंडात असताना ध्यानात आलं आणि मी उरलेला पाव मांडीवर ठेवला.

जानीनबाई आली. तिने माझं मनगट धरलं आणि मला अंगणातल्या लांब टेबलाशी नेऊन आपल्या शेजारी बसवलं. त्या गावची रीतच ती. तोडणीच्या दिवसांत मालक, मजूर, ट्रॅक्टरवाला, सगळे एकाच टेबलावर, आणि वाढणार मालकीण. मी दारू घेत नाही म्हटल्यावर तिने कपाळाला हात लावला आणि घाण्यातून नुकता पिळलेला रस आणून दिला. घाण्याच्या तुळईवर तिच्या खापरपणजोबांचं नाव कोरलेलं आहे.

आठवडाभरासाठी गेले ती राहिलेच. हिवाळ्यात छाटणी शिकले. द्राक्षवाल्यांच्या देवाची मूर्ती त्या गावात दर वर्षी एका घरी मुक्कामाला असते. ती आमच्याकडे आली तेव्हा मिरवणुकीत चालले. जानीनबाईची दोन्ही मुलं परदेशी. रविवारी ती फोनजवळ घुटमळते, आईसारखीच. तिला पाहून मला माझ्या जाण्याची दुसरी बाजू दिसली.

बाबांना मात्र मी प्रयोगशाळेत नोकरी लागल्याचं सांगत राहिले. ते गावभर सांगत होते, पोरगी मातीची साहेब आहे. मग या वर्षी जानीनबाई म्हणाली, माझे गुडघे गेले, मळा तू निम्म्या वाट्याने कर. म्हणजे आपली बटई. उत्तर द्यायच्या आधी मी घरी आले.

दुसऱ्याच दिवशी आईने माझे कपडे धुवायला काढले आणि त्यात ओटी निघाली. बाबांनी ती दोरीवर वाळताना पाहिली. "हा डाग कायचा होय? निंगून नाई राह्यला."

मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तोडणी, छाटणी, बटई, इतक्या वर्षांचं खोटं. बाबा खुर्चीत बसले.

"तू पेते काय?"

"नाई बाबा. मले रस देते थे."

"पेनाऱ्याचं थे पाहून घेतीन." आता रागावतील म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी विचारलं, "जेवाले कुठं बसवते तुले?"

"टेबलावर. तिच्या बाजूले. पैल्या दिवशी मीच दूर जाऊन बसली होती, तं हाताले धरून आनलं तिनं."

"आन पानी?"

"एकाच तांब्यातलं. थे बाईच वाढते सगळ्यायले."

बाबांनी चष्मा काढला. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. "माह्या मायची ओटी होय हे," एवढंच म्हणाले आणि दोरीवरून काढून तिची घडी घालत बसले. आईने चहा आणला, तो निवून गेला.

घर कोणतं, असं लोक विचारतात तेव्हा मी आता गावाचं नाव सांगत नाही. ज्यांना आपलं खरं काम सांगता येतं, त्यांचं ते घर. माझी आता दोन आहेत आणि एकीकडे असले की दुसरीकडे पोचायला उशीर होतो.

मंचेरियलला या खेपेला मालगाडी नव्हती, सगळं स्पष्ट ऐकू आलं. ओटी त्यांनीच बॅगेत वरच्या वर ठेवली होती. गाडी हलली तशी खिडकीशी चालत म्हणाले, "बटई कर म्हना. आन पुढच्या वेच्याले मी येतो. थ्या बाईले सांग, टेबलावर एक जागा ठेवजो."

जानीनबाईला सांगितलं. तिने विचारलं, कुठल्या बाजूला बसतील ते?

मी सांगितलं, मधोमध.